साडेतीन सेंटीमीटरचा हिशेब

नव्याने आलेल्या निर्वासितांना मी आठवड्यातून तीन संध्याकाळी इथली भाषा शिकवते. तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा. सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळे गेल्यावर उठायचा. एकदा वह्या गोळा करताना माझ्या हातातलं पेन पडलं, मी वाकले आणि त्याचा डावा बूट पहिल्यांदा नीट पाहिला. तळाखाली रबराचे थर चिकटवलेले होते. निळा, पांढरा, पुन्हा निळा, सगळ्यांत खाली काळा. जुन्या सपातांचे तळ कापून त्याने ते एकावर एक बसवले होते आणि कडा ब्लेडने तासून बरोबर बुटाच्या आकारात आणल्या होत्या. त्याने पाय हळूच बाकाखाली ओढून घेतला.

वय एकोणीस. नाव, देश, गाव यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. त्याच्या घरची काही माणसं अजून तिकडेच आहेत आणि ही त्याची अट आहे. त्याच्या भाषेत मावशीला जो शब्द आहे त्याने तो मला हाक मारतो, म्हणून इथे त्याला भाचा म्हणते.

पायाबद्दल त्याने सांगितलं ते खूप नंतर, तेही तुटक. अकरा वर्षांचा असताना घर सोडून निघाले त्या रात्री भिंत कोसळली, नडगी मोडली. काकाने दोन फळ्या लावून फडक्याने पाय बांधला आणि पाठीवर घेतलं. डॉक्टर दिसला तोवर दीड महिना झाला होता आणि हाड जुळून गेलं होतं. पण वाकडं जुळलं होतं, मोडलेली टोकं एकमेकांवर चढून. छावणीतल्या दवाखान्यात तापाची मुलं आणि अडलेल्या बायका रांगेत असताना जुळलेल्या पायाकडे कोण बघणार? वेदनाशामक गोळ्या मिळाल्या, त्याच त्याने आठ वर्षं घेतल्या. आता तो रात्रपाळीत दहा-दहा तास उभं राहून सामान बांधायचं काम करत होता. घोटा संध्याकाळपर्यंत सुजायचा, गुडघा आतून दुखायचा, कंबर धरायची.

मी आणि वर्गातली आणखी एक शिक्षिका, आम्ही दोघी त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. दोन्ही पायांचा कमरेपासून घोट्यापर्यंत उभा लांब एक्स-रे काढला. पडद्यावर तो लावला तेव्हा डॉक्टरांना काही समजावून सांगावंच लागलं नाही. उजवी नडगी सरळ रेघेसारखी, डावी धनुष्यासारखी आत वळलेली, आणि साडेतीन सेंटीमीटर आखूड. त्यांनी पेन्सिलने दाखवलं की शरीराचा भार गुडघ्याच्या मधून जायच्या ऐवजी एका कडेवरून जातो आहे. असंच चालू राहिलं तर चाळिशीच्या आत सांधे झिजून जातील, असं त्यांचं मत पडलं.

उपाय होता. हाड पुन्हा कापायचं, सरळ करायचं आणि पायाभोवती बाहेरून धातूच्या रिंगा लावून, त्या हाडातून गेलेल्या तारांना जोडून, रोज थोडं थोडं लांबवायचं. गाव्रिल इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरने सैबेरियातल्या कुर्गान या शहरात ही पद्धत विकसित केली. कापलेल्या हाडाची टोकं सावकाश दूर नेली की मधल्या फटीत शरीर स्वतः नवं हाड तयार करतं, हे त्याचं निरीक्षण. दिवसाला एक मिलिमीटर, तोही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. कार्लो मौरी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाची गोष्टही डॉक्टरांनी सांगितली. १९५८ साली गाशेरब्रुम ४ या शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या दोघांपैकी तो एक. त्याचा पाय मोडून कित्येक वर्षं नीट झाला नव्हता, १९८० साली तो कुर्गानला गेला आणि बरा होऊन आला. त्यानंतर पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी या पद्धतीकडे लक्ष दिलं.

दुभाषी बाईंनी हे सगळं भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ एक्स-रेकडे बघत राहिला आणि त्याने एकच प्रश्न विचारला. त्या माणसाचं बिल कोणी दिलं?

डॉक्टरांना ते माहीत नव्हतं. आम्हाला तेव्हा वाटलं, मुलाचं भलतीकडेच लक्ष आहे. त्या प्रश्नाचा अर्थ कळायला आम्हाला कित्येक महिने लागले.

पैशांसाठी पहिला दरवाजा ठोठावला तो निर्वासितांना मदत करणाऱ्या कार्यालयाचा. तिथल्या बाई वागायला चांगल्या होत्या, त्यांनी आम्हाला अंधारात ठेवलं नाही. आरोग्याचा पैसा आधी जीव वाचवणाऱ्या तातडीच्या उपचारांना जातो, मग बाळंतपणं, लशी, रोजचे दवाखाने. असली नियोजित आणि महागडी शस्त्रक्रिया समितीपुढे जाते, समिती खर्च बघते आणि गुण येण्याची शक्यता बघते. आम्ही अर्ज केला. सात आठवड्यांनी उत्तर आलं की जिवाला धोका नसल्यामुळे यंदा मंजूर करता येत नाही. मला राग आला होता, आजही थोडा आहे. पण त्याच खोलीत बाकावर डायलिसिसवाला एक माणूस बसलेला मी पाहिला होता, त्यामुळे तो राग त्या बाईंवर काढता येईना.

सरकारी रुग्णालयाचंही तेच. निर्वासितांच्या स्थितीबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात कलम २३ आहे. कायदेशीरपणे राहणाऱ्या निर्वासिताला सार्वजनिक मदतीच्या बाबतीत देशाच्या नागरिकासारखीच वागणूक द्यावी, असं ते म्हणतं. मी ते छापून पिशवीत घेऊन फिरत होते. पण त्याचा आश्रयाचा अर्ज अजून पक्का झालेला नव्हता, आणि खिडकीवरच्या माणसापुढे कलम उपयोगी पडत नाही, कार्डावरचा शिक्का पडतो.

मग आम्ही तीन रुग्णालयांतून अंदाजपत्रकं घेतली. अशा कामात पडणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की एकच आकडा कधीही मान्य करू नका, बाबवार यादी मागा. पहिल्या ठिकाणचा आकडा छान कमी वाटला होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्यात रिंगा, तारा आणि सळ्या धरलेल्याच नाहीत, म्हणजे एकूण खर्चाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग बाहेर. दुसऱ्या ठिकाणी ते धरलं होतं, पण नंतर दर दोन आठवड्यांनी काढायचे एक्स-रे, ड्रेसिंग आणि शेवटी रिंगा काढण्याची छोटी शस्त्रक्रिया धरली नव्हती. तिसरं होतं एका वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. तिथल्या समाजसेवा विभागातल्या एका बाईंनी आमच्यासोबत तासभर बसून कागद भरला. सर्जननी आपली फी सोडली. रिंगा त्यांच्याकडे तपासून, निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, फक्त तारा नव्या लागतात, त्यामुळे तीही रक्कम खाली आली. बाईंनी आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली. आलेल्या रकमेवर दहा-पंधरा टक्के वाढवून धरा, कारण रिंगा लावलेल्या पायात तारांच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होतोच, त्याची औषधं लागतात.

आम्ही अकरा जण जमलो. वर्गातल्या शिक्षिका, त्यांचे नवरे, शेजारी, एक निवृत्त बँक कर्मचारी. हिशेबाची वही त्या काकांकडे दिली. वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर आवाहन टाकावं असं ठरलं, तर तिथे पैसे ज्याच्यासाठी त्याचं बँक खातं आणि ओळखपत्र हवं. त्याचं खातं नव्हतं. कार्डावर नावाचं स्पेलिंग एक, जुन्या छावणीच्या कागदावर दुसरं. जन्मतारीख एक जानेवारी. ज्यांना तारीख माहीत नसते अशा कितीतरी निर्वासितांच्या कागदांवर हीच तारीख पडते. त्याच्या खोलीतल्या चौघांपैकी तिघांचा वाढदिवस एक जानेवारीला होता. शेवटी पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात, त्याच्या केस नंबरवर जमा करायची सोय समाजसेवा विभागाने करून दिली. देणाऱ्याला रुग्णालयाची पावती मिळायची, आमच्यावरही कोणी बोट ठेवणार नाही.

आवाहनात काय लिहायचं यावरून मात्र आमचं फाटता फाटता राहिलं. भाच्याच्या तीन अटी होत्या. चेहऱ्याचा फोटो नाही, देशाचं नाव नाही, त्या रात्रीची गोष्ट नाही. राहिला तो एक्स-रे. त्याला त्याने परवानगी दिली, नाव झाकून. दोन नडग्यांचं चित्र आणि खाली चार ओळी, असं आमचं आवाहन. दीड महिन्यात निम्मे पैसे जमले आणि मग ओघ आटला.

तेव्हा एका गृहस्थांनी उरलेली सगळी रक्कम एकटे देतो म्हणून कळवलं. अट एकच. त्याने कॅमेऱ्यासमोर बसून आपली कहाणी सांगावी आणि ऑपरेशननंतर चालतानाचं चित्रण द्यावं. आमच्यातले सहा जण म्हणाले, त्यात काय बिघडलं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, मुलाचं आयुष्य उभं राहील. मीसुद्धा त्या सहांमध्ये होते. हे मला लिहायलाच हवं. मी त्याला विचारायला गेले तेव्हा मी विचारत नव्हते, पटवत होते. दुभाषी बाईंनी माझी वाक्यं भाषांतर करता करता मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, पाय वाकडा आहे हे लोकांना दिसतं. बाकीचं माझ्याकडे राहू दे."

आम्ही त्या गृहस्थांना नम्रपणे नाही कळवलं. दोन जण त्यानंतर आमच्या बैठकांना आले नाहीत. उरलेले पैसे छोट्या छोट्या रकमांनी जमायला आणखी सव्वा महिना गेला.

तारीख मिळाली. रक्ततपासण्या सुरू झाल्या. तिथे स्पेलिंगने पुन्हा डाव साधला. रक्ताचे अहवाल एका नावाच्या फायलीत, एक्स-रे दुसऱ्या नावाच्या. रक्तगट ज्या फायलीत आहे ती शस्त्रक्रियेच्या दिवशी समोर असेलच याची खात्री काय? आम्ही अर्धा दिवस खर्च करून दोन्ही फायली एका नंबरखाली आणून घेतल्या. निर्वासित रुग्णासोबत जाणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी तपासावी.

आणि मग भाचा यायचाच थांबला. भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट होती, आला नाही. फोन उचलेना. वर्गातही तीन आठवडे दिसला नाही. आम्ही ठरवून टाकलं की घाबरला असणार, आणि त्याला धीर कसा द्यायचा याच्या गप्पा मारत बसलो. शेवटी दुभाषी बाई एकट्याच त्याच्या खोलीवर गेल्या. त्यांचं वय साठीच्या पुढचं, बोलीही तीच, त्यांच्यापुढे तो गप्प बसू शकला नाही. त्यांनी परत येताना एक कागद आणला. वहीचा फाडलेला कागद, चार घड्या घातलेला, घड्यांवर मळलेला.

त्यावर सहा रकाने होते, सहा महिन्यांचे. प्रत्येक रकान्यात तीन आकडे. खोलीभाड्यातला त्याचा वाटा, खायचा खर्च आणि आईला पाठवायचे पैसे. खाली बेरीज करून तिच्याभोवती गोल केलेला. ती बेरीज आमच्या शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या पाऊणपट होती.

रिंगा लावल्यावर पाच-सहा महिने रात्रपाळीत उभं राहता येणार नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. डॉक्टर गिर्यारोहकाची गोष्ट सांगत होते तेव्हाही तो हेच मोजत होता. आम्ही अकरा शिकलेली माणसं, आमच्या वहीत रिंगा, तारा, भूल, एक्स-रे, ड्रेसिंग सगळं होतं, त्याचे सहा महिने नव्हते. आणि आम्ही इतकं करतो आहोत म्हटल्यावर आणखी मागायचं कसं, म्हणून तो तोंड लपवून बसला होता.

आम्ही तारीख सात आठवडे पुढे ढकलली. बँकवाल्या काकांनी वहीत नवं पान उघडलं आणि त्याचे आकडे जसेच्या तसे उतरवले. दुसरं आवाहन आम्ही बाहेर टाकलंच नाही. पहिल्यांदा ज्यांनी दिलं होतं त्यांना एकेकाला फोन करून सरळ सांगितलं की आमचा हिशेब चुकला, भाडं धरायचं राहिलं. मला वाटलं होतं लोक नाराज होतील. पण बऱ्याच जणांनी सहा महिने थोडं थोडं द्यायचं कबूल केलं. भाडं द्यायचं म्हटल्यावर लोकांना ते आपल्या घरासारखं समजतं, असं मला त्या फोनांवरून वाटलं. वर्गातल्याच एका विद्यार्थ्याने आपली तळमजल्यावरची खोली त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीशी बदलून घेतली. आणि कामाच्या ठिकाणच्या मुकादमाने दोन महिन्यांनंतर बसून चिठ्ठ्या चिकटवायचं काम देतो म्हणून सांगितलं, अर्ध्या पगारावर.

शस्त्रक्रिया चार तास चालली. संमतिपत्रावर सही त्याची त्यानेच केली, दुभाषी बाईंनी प्रत्येक ओळ वाचून दाखवल्यावर. नातेवाइकाच्या रकान्यात माझं नाव लिहिताना कारकुनाने नातं विचारलं. मी काही बोलायच्या आत त्याने आमच्या भाषेत, अगदी स्पष्ट उच्चारात सांगितलं, "मावशी."

पहिला आठवडा काहीच फिरवायचं नसतं, कापलेल्या जागी नव्या पेशी जमायला वेळ द्यावा लागतो. आठव्या दिवसापासून स्पॅनर हातात. आटे असलेल्या सळीवरचा नट एक पाव फिरला की पाव मिलिमीटर. कोणत्या दिशेने फिरवायचा ते चुकू नये म्हणून परिचारिकेने प्रत्येक नटावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. सकाळी सहा, अकरा, दुपारी चार, रात्री नऊ. तो प्रत्येक वेळी आधी ठिपका बघायचा, मग स्पॅनर लावायचा, ओठ दाबून फिरवायचा आणि वहीत एक रेघ मारायचा. चार रेघांवर आडवी रेघ मारली की दिवस संपला, एक मिलिमीटर झाला.

सोपं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात वरच्या दोन तारांच्या तोंडाशी लाली आली, पू आला, ताप चढला. समाजसेवा विभागातल्या बाईंनी वाढवून धरायला सांगितलेले पैसे तिथे कामाला आले. हाड लांबतं पण पोटरीचे स्नायू तितक्या राजीखुशीने लांबत नाहीत. पाऊल खाली झुकायला लागलं, ते वर धरून ठेवायला पट्टा बांधावा लागला आणि दिवसातून सहा वेळा ताण द्यायचे व्यायाम. रात्री झोप नाही. एका एक्स-रेत नवं हाड विरळ दिसलं म्हणून पाच दिवस चारऐवजी तीनच फेरे करायला सांगितले, तेव्हा तो फार खचला. त्याला वाटलं त्याचं काहीतरी चुकलं. त्याच्या वहीत त्या पाच दिवसांच्या रेघांवर आडवी रेघ नाही, तीन-तीन उभ्या रेघा तशाच सुट्या आहेत.

पण महिनाभराने फटीमध्ये जे दिसलं ते मी विसरणार नाही. एक्स-रेवर दोन पांढऱ्या टोकांच्या मध्ये पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी धूसर. डॉक्टर म्हणाले, हे हाड आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाचं चार आठवड्यांचं हाड.

बूट त्याने टाकला नव्हता. कुबड्या घेऊन, रिंगांसकट पायावर थोडा थोडा भार देत चालायचं असतं, म्हणजे हाड पक्कं होतं. त्याला घोट्याखाली तोच बूट लागायचा, पुढून कापून मोठा केलेला. साधारण दर आठ-नऊ मिलिमीटरला तो ब्लेड घेऊन बसायचा आणि खालचा एक थर सोलून काढायचा. काळा गेला, निळा गेला, पांढरा गेला. शेवटचा निळा काढला त्या दिवशी मी तिथे होते. गोंद इतका घट्ट बसला होता की अर्धा तास लागला. मी मदतीला हात पुढे केला तर त्याने बूट आपल्याकडे ओढून घेतला.

रिंगा निघाल्या त्याला आता पाच आठवडे झाले. पाऊल अजून पूर्ण वर येत नाही. दोन्ही पाय सारखे झाले तरी तो लंगडतो, कारण आठ वर्षं शरीराला तीच चाल माहीत आहे. फिजिओ त्याला आरशासमोर चालवतात, जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा मारून. वाकडी पडलेली पावलं तो स्वतःच मोजतो. गेल्या खेपेला वीसात सात होती.

देणाऱ्यांची यादी त्याने माझ्याकडे मागितली होती. नावं द्यायला लोकांची परवानगी हवी, असं मी म्हणाले, तर म्हणाला, नावं नकोत, किती माणसं ते सांगा. काकांनी वही बघून आकडा सांगितला, एकशे त्रेचाळीस. त्याने तो रेघांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून घेतला.

भाड्याचा सहावा हप्ता आम्ही काल भरला. पुढच्या महिन्यापासून भाडं मी देणार, असं त्याने घरमालकाला स्वतः जाऊन सांगितलं आहे.